घरच्या समुद्रातला स्पंज

काचेच्या टाकीत खारे पाणी करून त्यात प्रवाळ आणि रंगीत मासे पाळण्याची हौस युरोप-अमेरिकेत मोठी आहे. आपल्याकडेही ती काही घरांत आली आहे. (आपल्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ उचलणे कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकतो.) अशा टाकीत स्पंज ठेवावा काय, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर चमत्कारिक वाटेल: दिसायला देखणा म्हणून विकत आणू नये, आणि आपण होऊन आलेला काढू नये.

पुष्कळ काळ लोक स्पंजाला वनस्पतीच समजत. १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडच्या रॉबर्ट ग्रँटने जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडताना दिसली. बारीक छिद्रांतून पाणी आत येते, मोठ्यातून बाहेर जाते. आतल्या पोकळ्यांत असंख्य पेशी असून प्रत्येकीला एक चाबकासारखा धागा असतो; तो अखंड हलतो. मेंदू नाही, हृदय नाही, मुकादमही नाही. तरी दिवसाकाठी हा प्राणी आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी उपसतो. या उपशातून त्याला मिळतात मुख्यतः जिवाणू आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य.

आता घरच्या टाकीकडे पाहा. पाणी नितळ राहावे म्हणून आपण गाळण्या बसवतो, फेसाबरोबर घाण काढणारे स्किमर यंत्र लावतो. माशांना ते सुखाचे. स्पंजाचा घास मात्र त्या फेसातून जातो. दुकानातला लालभडक स्पंज अशा पाण्यात लगेच मरत नाही. आठवडे, महिने तो हळूहळू आकसत राहतो. लांबलेल्या संपात माणूसही असाच दिसतो: चालतो, बोलतो, आणि आटत जातो. स्पंजाच्या अंगावर पांढुरकी साय धरली की कुजणे सुरू झाले समजावे आणि तो भाग ताबडतोब काढावा, नाही तर अमोनिया वाढून शेजारीही दगावतात. काही स्पंजांच्या अंगात प्रकाशावर अन्न करणारे सूक्ष्मजीव राहतात. त्यांचे त्यातल्या त्यात बरे चालते.

हलवताना स्पंज पाण्याबाहेर काढू नये. नळ्यांत हवा अडकली की प्रवाह तुंबतो. कोकणच्या खडकांवर ओहोटीला काही स्पंज उघडे पडतात हे खरे, पण ती सवय सर्वांना नसते. भांडे टाकीत बुडवून पाण्यासकटच त्याला न्यावे.

आपण होऊन येणारे स्पंज निराळे. दगडांच्या खाली, अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळट-करडे थर धरतात; कधी नखाएवढे, अननसाच्या आकाराचे पांढरे ठिपके दिसतात. हौशी माणूस त्यांना मळ समजून घासून काढतो. वास्तविक विरघळलेले द्रव्य मासा किंवा शंख खाऊ शकत नाही. असे काही स्पंज ते शोषतात आणि जुन्या पेशी भराभर टाकून देतात. तो चुरा किडे, कोळंब्या, शंख खातात. प्रवाळांच्या समुद्रात हे रहाटगाडगे चालते, असे नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. तेव्हा टाकी धुताना समोरची काच खुशाल घासावी. दगडांच्या खालच्या अंगाला ब्रश लावू नये.