घरात एकटे असताना पडलो तर?

मुले कामावर, नातवंडे शाळेत. म्हातारी आई दिवसभर घरात एकटी. ती पडली आणि तासन्‌तास कुणाला कळले नाही, तर साधे पडणेही जिवावर बेतते. स्मार्ट घराचा सगळा खर्च आपल्याला झेपणार नाही. पण त्यातले उपयोगाचे तेवढे घेता येते.

पहिले, सेन्सरचा बल्ब. अंधारात माणसाची हालचाल होताच तो आपोआप लागतो. मोरीजवळ लावा, रात्री बटण चाचपडावे लागणार नाही.

दुसरे, बटणांचा मोबाईल. २०१७ पासून भारतात विकायच्या मोबाईलमध्ये संकटाच्या बटणाची सोय सक्तीची आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरल्यास ११२ ला फोन लागतो. घेताना दुकानदाराकडून खात्री करा. फोन दोरीने गळ्यात अडकवा. फळीवरचा फोन पडलेल्या माणसाच्या हाती येत नाही. शेजारणीचा नंबर त्यात घाला, एक किल्लीही तिच्याकडे ठेवा.

घरात कॅमेरा लावायचा असेल, तर आधी आईला विचारा.

ज्येष्ठांना माहिती व मदतीसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो.