एका ‘बरोबर’चा लोचा

सातारा असो की सांगली, पाणी कृष्णेचंच. पण सातारच्या लॅपटॉपवर गुणी बाळासारखी चाललेली टेस्ट स्क्रिप्ट सांगलीच्या सर्व्हरवर तशीच वागेल, याची गॅरंटी कृष्णामाईसुद्धा देणार नाही! माझे दोन आयटीवाले दोस्त यावरून एकमेकांची रोज खेचतात. मी मास कॉमवाली, कोडिंगशी संबंध बेताचा. तरी हा लोचा मला भलताच इंटरेस्टिंग वाटला.

सातारकराकडे फेडोरा, सांगलीकराकडे उबुंटू. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत दोघंही ‘एसएच’ शेल मागतात. फेडोरात त्या नावाने बॅश ओ देतो. उबुंटूने मात्र ऑक्टोबर २००६ मध्ये, ६.१० व्हर्जनपासून, तिथे डॅश बसवला. कारण तो हलका आणि फास्ट. आता दोन शब्द सारखे आहेत का, हे तपासायला चौकटी कंसात मूळ चिन्ह एकच, =. बॅश लाडोबा आहे, == लिहिलं तरी चालवून घेतो. डॅश ‘अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर’ म्हणून कुरकुरतो.

कुरकुरून थांबला असता तर प्रश्नच नव्हता. पण तो पुढे जातो! समजा तुम्ही लिहिलंय, ‘निकाल == फेल असेल तर थांब, नाहीतर ओके छाप.’ डॅशमध्ये तुलनाच होत नाही, कंस २ हा एरर कोड परत करतो. ‘इफ’ला शून्य म्हणजे खरं, बाकी सगळं खोटं. म्हणजे गाडी थेट ‘नाहीतर’वर. टेस्ट फेल, स्क्रीनवर ओके! आणि रात्री दोन वाजता ती एररची ओळ वाचतंय कोण? बिघडलेला कोड बिनबोभाट क्लायंटकडे रवाना.

आणखी एक गंमत. हा [ नुसता कंस नाही, चक्क एक कमांड आहे. म्हणून त्याच्यापुढे स्पेस हवीच. आणि [ २ > ३ ] लिहून बघा, उत्तर ‘खरं’ येईल! कारण इथे > म्हणजे ‘मोठा’ नव्हे, ‘फाइलमध्ये टाक’. फोल्डरमध्ये ‘३’ नावाची रिकामी फाइल पडलेली दिसली, तर समजा कुणीतरी आकड्यांची तुलना अशी केलीय. त्यासाठी ‘-जीटी’ असतं, बॉस.

मॅकवाल्यांनी हसू नये. २०१९ च्या कॅटालिनापासून तिथे डिफॉल्ट झेडशेल आहे आणि तोही टर्मिनलवर कंसातल्या == ला अडखळतो.

सांगलीकराचा फंडा साधा. बॅशचेच लाड हवे असतील तर पहिल्या ओळीत बॅशचं नाव लिहायचं, नाहीतर स्क्रिप्ट डॅशवरही चालवून बघायची. शिवाय शेलचेक नावाचं फुकट टूल अशा जागा ओळ नंबरासकट दाखवतं. सातारकराने ते टाकलंय म्हणे. वापरतो की नाही, ते विचारलं की विषय कंदी पेढ्यांवर जातो.