अपघाती मृत्यू आणि वारसांचा हक्क

ऊस वाहतुकीच्या हंगामात तिन्हीसांजेस मळ्यातून परतणाऱ्या शेतकऱ्यास भरधाव ट्रक ठोकरतो आणि क्षणार्धात घराचा कर्ता पुरुष नाहीसा होतो. दिवसकार्य उरकते न उरकते तोच कोणी मध्यस्थ येतो, थोडी रोकड पुढे ठेवतो आणि मुद्रांकाच्या कागदावर विधवेचा अंगठा मागतो. तो अंगठा उठण्यापूर्वी कायद्याने त्या घरास कोणता हक्क दिला आहे, हे तिला समजणे अगत्याचे आहे. ते समजावून सांगणे हे गावातील प्रत्येक कार्यकर्त्याचे कर्तव्य होय.

दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावल्यास त्याच्या कुटुंबास भरपाई मागता यावी, हे तत्त्व आपल्याकडे १८५५ सालच्या कायद्याने मान्य केले. वाहनांच्या अपघातांस १९८८ चा मोटार वाहन अधिनियम लागू आहे. या दाव्यांचा निवाडा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण करते. चालकावरील फौजदारी खटला निराळा असतो. त्यात तो निर्दोष सुटला, तरी केवळ तेवढ्याने वारसांचा दावा बुडत नाही. कारण येथे पुराव्याची कसोटी तितकी कडक नसते.

प्रथम पोलिसांत फिर्याद नोंदवावी व शवविच्छेदन टाळू नये. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वाहनाच्या विम्याचा तपशील यांच्या नकला जपून ठेवाव्यात. वारस जेथे राहतात तेथील न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. अपघातस्थळ दूर असले तरी तेथे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीत अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा दिरंगाई करू नये.

भरपाई कशी ठरते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मयत ३८ वर्षांचा असून त्याची वार्षिक कमाई १,२०,००० रुपये होती. मागे पत्नी, दोन मुले व आई असे चौघे अवलंबून आहेत. भावी वाढीपोटी ४० टक्के मिळविल्यास १,६८,००० रुपये होतात. मयताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १,२६,००० उरतात. या वयास १५ चा गुणक लागतो. म्हणून रक्कम १८,९०,००० रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निकालांत ही रीत घालून दिली आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत एक अडचण हटकून येते. जमीन तर वारसांकडेच राहिली, मग नुकसान कोणते, असा प्रश्न विमा कंपनी करते. यास्तव सातबाराच्या उताऱ्यावरच विसंबू नये. दूध संघाच्या पावत्या, ऊस व धान्य विक्रीच्या पट्ट्या, तसेच मृत्यूनंतर गडी लावावा लागल्याचा पुरावाही जोडावा. मयताचे श्रम व देखरेख यांचे मोल त्यातूनच सिद्ध होते.

कोणाची चूक हे सिद्ध न करता ५ लाख रुपये मिळण्याचीही तरतूद आहे. परंतु ती रक्कम स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. सबब नीट विचार करूनच सही करावी. वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल २ लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी तालुक्याच्या महसूल कचेरीत चौकशी करावी.

वकिलाच्या खर्चाच्या धास्तीने कोणी मागे राहू नये. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया व बालके यांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. निवाडा अमान्य असल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

गेलेला माणूस पैशाने परत येत नाही, हे खरे. परंतु मुलांची शाळा सुटू नये आणि सावकाराच्या दारी जमीन गहाण पडू नये, एवढे बळ या दाव्यात निश्चित आहे. आपल्या गावी असा प्रसंग ओढवल्यास कार्यकर्त्याने पहिल्याच आठवड्यात त्या घरी जावे, कागद गोळा करवावेत आणि कोऱ्या कागदावर कोणाचाही अंगठा उठू देऊ नये.