छबिलदासचं सभागृह

दादरला पश्चिमेकडे उतरून छबिलदास गल्लीत शिरलं की आज बहुतेकांची पावलं बटाटेवड्याकडे वळतात. ज्या शाळेवरून गल्लीला हे नाव मिळालं, तिच्या सभागृहात १९७४ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत 'आविष्कार' या संस्थेने नाटकांचे प्रयोग घडवून आणले. मराठी नाटकाच्या इतिहासात या काळाला 'छबिलदास चळवळ' म्हणतात. प्रयोगाचं वेगळेपण, नवे विषय, नवी भाषा या अंगाने तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायचं आहे. ज्या माणसांना नाटकातून पोट भरता येणार नव्हतं, त्यांनी वर्षानुवर्षं नाटक करत राहणं कशामुळे शक्य झालं?

हा प्रश्न छबिलदासच्या आधीपासूनचा आहे. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी केली, तेव्हा वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटने तिला आसरा दिला. चित्रकार, वादक आणि नट एकाच आवारात काम करत. इब्राहिम अल्काझींची 'थिएटर युनिट' ही संस्थाही तिथलीच. १९६२ मध्ये अल्काझी दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि थिएटर युनिटची धुरा सत्यदेव दुबेंकडे आली. पुढे भुलाभाईंची ती वास्तू गेली. दुबेंच्या तालमी ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये होऊ लागल्या. मुंबईतल्या प्रायोगिक नाटकाचा इतिहास असा जागांचा इतिहास आहे. जागा गेली की माणसं विखुरली, नवी मिळाली की पुन्हा जमली.

रंगायन फुटल्यावर १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या मित्रांनी आविष्कारची स्थापना केली. सुरुवातच 'तुघलक'ने झाली. गिरीश कार्नाडांच्या या नाटकाचं मराठी रूप तेंडुलकरांचं होतं. मोठा संच, मोठं नेपथ्य, मोठं नाट्यगृह असा तो पसारा होता. एवढा खर्च पुन्हा पुन्हा पेलणं हौशी संस्थेच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि नेमकी हीच त्या काळच्या प्रायोगिक मंडळींची अडचण होती. महिनोन्महिने तालमी करायच्या, राज्य नाट्य स्पर्धेत एक प्रयोग करायचा, अंतिम फेरी गाठली तर आणखी एक, आणि मग नेपथ्य कुणाच्या तरी गोदामात पडायचं. नाटक दहाव्या-पंधराव्या प्रयोगाला खरं उमगू लागतं, हे कुठलाही नट सांगेल. प्रायोगिक नाटकाला तो पंधरावा प्रयोगच मिळत नव्हता. शिवाजी मंदिरची किंवा रवींद्र नाट्य मंदिरची तारीख घ्यायची, भाडं भरायचं, जाहिरात द्यायची आणि निम्म्या रिकाम्या खुर्च्यांपुढे प्रयोग करायचा, हे किती वेळा करणार?

छबिलदासने हे गणित बदललं. सुलभाताई एकेकाळी याच शाळेत शिक्षिका होत्या. मुलांसाठी नाटकं लिहा, असं त्यांनी तेंडुलकरांना सांगितलं होतं, म्हणजे त्या इमारतीशी नाटकाचं नातं चळवळीच्या बरंच आधी जुळलेलं होतं. सभागृह नाटकासाठी बांधलेलं नव्हतं. भव्य रंगमंच, खोल विंगा, वर-खाली जाणारे पडदे यांतलं काहीच हाताशी नव्हतं. पण ते स्टेशनपासून चालत गाठता येत होतं आणि परवडत होतं. ठाणे, डोंबिवली, विरारहून येणाऱ्या, ऑफिस सुटल्यावर तालमीला धावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याहून मोठी सोय नव्हती. प्रेक्षकही लोकलनेच यायचे आणि शेवटची गाडी पकडून घरी जायचे. या चळवळीला पश्चिम आणि मध्य रेल्वेने जे दिलं, त्याची नोंद कुठल्याच आढाव्यात सापडत नाही. ती व्हायला हवी.

जागेच्या मर्यादांनी नाटकाचा आकारही घडवला. बादल सरकारांचं 'जुलूस' अमोल पालेकरांनी इथे केलं, तेव्हा रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यातली सीमाच पुसली गेली. नट प्रेक्षकांच्या अवतीभवती वावरत होते. कमानीच्या रंगमंचावर असं नाटक उभं राहिलंच नसतं. पुण्याची थिएटर अकॅडमी इथे यायची, दुबे इथे हिंदी नाटकं करायचे, इतर भाषांतल्या संस्थांनाही दार उघडं होतं. आविष्कारने ही जागा स्वतःच्या नाटकांपुरती राखून ठेवली नाही, इथेच तिचं मोठेपण आहे. ज्या संस्थेकडे स्वतःचं नाट्यगृह नाही, तिने हातात आलेली एकुलती एक जागा दुसऱ्यांना वापरू द्यावी, ही वृत्ती तेव्हाही दुर्मीळच होती.

आता पोटाचा प्रश्न. व्यावसायिक नाटकात नटाला प्रत्येक प्रयोगाची 'नाईट' मिळते. छबिलदासला नाईट नव्हती, उलट चहापाण्याला आणि टॅक्सीला अनेकदा स्वतःच्याच खिशातले पैसे जायचे. मग ही माणसं जगत कशी होती? नोकरी करून. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करायचे, जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर होते, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक, तेंडुलकर पत्रकार. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं, ते एवढं मोठं पाऊल मानलं गेलं याचं कारण फारसं कुणी तसं करत नव्हतं.

नोकरी म्हणजे कलेतली तडजोड, असं आजही तरुण नट मानतात. मला ते पटत नाही. पगाराने त्या पिढीला एक मोकळीक दिली होती. नाटक पडलं तरी घरची चूल पेटत होती, म्हणून पडेल असं नाटक करण्याची हिंमत होत होती. ठरलेली वेळ, गिरणगावापासून उपनगरांपर्यंत परवडणारी घरं, आणि सहा-साडेसहाला मोकळा होणारा माणूस, या तिन्हींवर ही चळवळ उभी होती. आज नोकरी रात्री नऊला सुटते, घर बदलापूर-वसईच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि नट मालिकेच्या सेटवर बारा-तेरा तास अडकलेला असतो. नव्या पिढीची निष्ठा कमी झाली म्हणणाऱ्यांनी तिचं वेळापत्रक एकदा पाहावं. निष्ठा तेवढीच आहे, तिला संध्याकाळच उरलेली नाही.

अरुण काकडे यांच्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. सगळ्या नाट्यसृष्टीचे ते काकडेकाका. नाटककार, दिग्दर्शक, नट यांची नावं इतिहासात राहतात. निर्मिती सांभाळणाऱ्याचं नाव सहसा श्रेयनामावलीच्या शेवटच्या ओळीत असतं. काकडेकाकांनी ते काम सहा दशकांच्या आसपास केलं. निर्मितीसूत्रधार म्हणजे काय काय? तालमीला जागा ठरवायची. किल्ली कुणाकडे आहे ते पाहायचं. नेपथ्याचा टेम्पो सांगायचा. तिकिटाचे पैसे मोजून वहीत मांडायचे. अनुदानाचा अर्ज वेळेत पोचवायचा, आणि मग त्या अनुदानासाठी खेटे घालायचे. दिग्दर्शक आणि नट भांडले की दोघांना वेगवेगळं बसवून बोलायचं. हे काम कुणाच्या टाळ्यांसाठी होत नाही. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले, तेव्हा आविष्कार संपेल असं वाटणं स्वाभाविक होतं. पण सुलभाताई आणि काकडेकाका उभे राहिले, आणि अरविंदांच्या स्मरणार्थ दरवर्षी नाट्यमहोत्सव होऊ लागला. काकडेकाकांना पंढरपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा पडद्यामागच्या कामालाच तो मान मिळाला असं मी मानतो. सुलभाताई २०१६ मध्ये गेल्या, काकडेकाका २०१९ मध्ये.

सुलभाताईंनी 'चंद्रशाला' हा आविष्कारचा मुलांचा विभाग चालवला. त्याचं 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलं. जुनी मुलं मोठी होऊन बाहेर पडायची, नवी त्यांच्या जागी यायची. नट घडवायचा तर तो आठ-दहा वर्षांचा असताना त्याला तालमीची शिस्त लागली पाहिजे, हे शिक्षिका असलेल्या सुलभाताईंना ठाऊक होतं.

छबिलदासमधून बाहेर पडावं लागलं, तेव्हा आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड मांडलं. वर्गखोल्यांमध्ये तालमी आणि प्रयोग सुरू झाले. याच बिऱ्हाडकरू संस्थेने १९९४ मध्ये एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तिन्ही नाटकं सलग रंगमंचावर आणली. दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं, अवधी नऊ तासांच्या आसपास. पहिलं नाटक विजया मेहतांनी १९८० च्या दशकात केलं होतं. पण तिन्ही एकत्र करण्याचं धाडस ज्याला रोजच्या गल्ल्याची चिंता आहे अशा निर्मात्याला करता येणारच नव्हतं. विदर्भातल्या देशपांड्यांच्या घराची पडझड सकाळपासून रात्रीपर्यंत बसून पाहणारे प्रेक्षक मुंबईत होते. जवळपास वीस वर्षं छबिलदासच्या लहानशा सभागृहात हा प्रेक्षक तयार होत आला होता, हे त्या दिवशी कळलं.

आज प्रयोगाच्या छोट्या जागा पुन्हा दिसू लागल्या आहेत. पुण्यात शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच बऱ्याच वर्षांपासून आहे, अलीकडे 'द बॉक्स' आलं आहे. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात बंगल्यांचे स्टुडिओ झाले आहेत. तिथे हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी प्रयोगही होतात, पण एका संध्याकाळचं भाडं तिकिटातून वसूल होणं कठीण जातं, आणि बोरिवली किंवा मुलुंडच्या प्रेक्षकाला ते दूर पडतं. महापालिकेच्या शाळा मात्र मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात आहेत, बहुतेक लोकलच्या स्टेशनापासून फार लांब नाहीत, आणि संध्याकाळी सहानंतर त्यांतले कितीतरी वर्ग बंद असतात. त्यांतले काही वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी नाममात्र भाड्याने, निदान पाच वर्षांच्या करारावर, नाट्यसंस्थांना द्यावेत आणि प्रत्येक वर्गाची किल्ली व हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला मानधन द्यावं. नाट्य परिषदेने महापालिकेकडे मागायचं असेल तर आधी हे मागावं.