अर्ध-स्वयंचलित बारा बोअर : घ्यावी का, आणि कोणती?

गेल्या पालकभेटीला एका कॅडेटचे वडील रेंजवर येऊन भेटले. मुलगा क्ले पिजन नेमबाजी शिकतो, पण प्रत्येक फैरीच्या आधी डोळे मिटतो आणि खांदा मागे घेतो. त्याचे मामा अमेरिकेत बदकांच्या शिकारीला जातात. त्यांनी फोनवर सांगितले होते, "त्याला सेमी-ऑटो द्या, धक्का कमी बसतो." वडिलांचा प्रश्न सरळ होता : घ्यायची का, आणि घेतली तर कोणती? उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

मामांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. ज्यांनी एसएलआर किंवा इन्सास उघडून पाहिली आहे त्यांना गॅसवर चालणारी बंदूक समजावून सांगायला नको. नळीच्या छिद्रातून थोडा गॅस निघतो, पिस्टन ढकलला जातो, बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढचे आत येते. 1963 साली आलेली रेमिंग्टन 1100 आणि आजची बेरेटा ए-400 याच जातीच्या. धक्का एकूण तेवढाच असतो, पण तो एका झटक्यात न येता थोडा पसरून येतो, त्यामुळे खांद्याला मऊ वाटतो. याची किंमत म्हणजे काजळी. शंभर-दोनशे फैरी झाल्या की पिस्टन पुसावाच लागतो. आळशी माणसाने ही बंदूक घेऊ नये.

दुसरी जात इनर्शियावर चालणारी. इटलीच्या बेनेली बंदुकांमुळे ही रचना जगभर गेली. ती मूळ ब्रुनो चिव्होलानी यांची. बंदूक मागे उसळते तेव्हा बोल्टचे जड अंग क्षणभर जागेवरच राहते. एसटी एकदम सुटली की उभा माणूस मागे पडतो, तसेच. त्या क्षणात आतली ताठ स्प्रिंग दाबली जाते आणि तीच मग बोल्टला मागे फेकते. ना पिस्टन, ना गॅस. बंदूक हलकी आणि स्वच्छ राहते. चिखलात, थंडीत, पाणथळीत दिवसभर बसणारे शिकारी म्हणूनच तिला पसंती देतात. मात्र खांद्याला तिचा धक्का गॅसवाल्या बंदुकीपेक्षा तीक्ष्ण लागतो. शिवाय ती चालायला बंदूक पुरेशी उसळावी लागते. बदकासाठी 32 ते 36 ग्रॅम छर्‍यांचे काडतूस वापरतात तिथे अडचण नाही. पण ऑलिंपिक ट्रॅप आणि स्कीटमध्ये 24 ग्रॅमचीच मर्यादा आहे, आणि एवढ्या हलक्या काडतुसाने काही इनर्शिया बंदुकांचा बोल्ट अर्ध्यात अडकतो. तेव्हा शिकार आणि क्ले दोन्हींसाठी एकच बंदूक हवी असणार्‍याला परदेशात मी गॅसवालीच सुचवली असती.

आपल्याकडे हा प्रश्न निम्माच उरतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खेळ म्हणून शिकार येथे संपली. 1938 साली भरतपूरला एका दिवसात 4,273 पक्षी मारल्याची नोंद दगडावर कोरलेली आहे. तिथे आज आपण दुर्बीण घेऊन जातो. आपले उड्डाण करणारे लक्ष्य म्हणजे 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची मातकट तबकडी.

या तबकडीसाठी जगातले बहुतेक अव्वल नेमबाज सेमी-ऑटो वापरतच नाहीत. ते वर-खाली दोन नळ्यांची बंदूक वापरतात. नियम आड येत नाही : सेमी-ऑटो चालते, पंप-ॲक्शन चालत नाही. कारण व्यवहाराचे आहे. ट्रॅपमध्ये एका तबकडीवर दोन फैरी मिळतात. दुसर्‍या फैरीपर्यंत तबकडी दूर गेलेली असते, म्हणून दुसर्‍या नळीचा चोक अधिक आवळलेला ठेवता येतो. सेमी-ऑटोला एकच नळी, एकच चोक. तिची रिकामी काडतुसे उजवीकडे उडतात, शेजारच्या नेमबाजाच्या दिशेने. डावखुर्‍याच्या तर ती डोळ्यांसमोरून जातात; त्याने डावखुरी बंदूकच शोधावी.

आणि मला सर्वात महत्त्वाचे वाटणारे कारण. दोन नळ्यांची बंदूक मोडून हातावर टाकली की वीस पावलांवरूनही सर्वांना दिसते, ती रिकामी आहे. सेमी-ऑटोचा बोल्ट बंद असेल तर काहीच दिसत नाही. मॅगझिन रिकामे केले तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते. म्हणून बोल्ट उघडा, बोटाने चेंबर तपासा, सेफ्टी फ्लॅग लावा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. दरवेळी. दुसरी एक गोष्ट, कोणतीही बंदूक असो : वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून मध्येच अडकते. त्याच्या मागे बारा बोअरचे भरून चालवले तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळी असतात ती याचसाठी. खिशात दोन्ही एकत्र आढळली तर त्या दिवशी नेमबाजी बंद.

कायद्याचेही सांगायला हवे. अर्ध-स्वयंचलित बंदूक आपल्याकडे साध्या बारा बोअरच्या परवान्यात बसत नाही, ती निर्बंधित वर्गात येते. एकवीस वर्षांखालच्या मुलाच्या नावे बंदूक होत नाही. तो फक्त नियमांप्रमाणे प्रशिक्षणात वापरू शकतो. मामांनी सुटीत येताना आणावी असा तर विचारही करू नये.

मग त्या मुलाचे काय? त्याच्या हातात रेंजवरची बंदूक दिली, दोनदा तपासून रिकामी. डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितले, मग डोळे उघडायला. छर्‍याच्या बंदुकीला मागची साइट नसते, नेमबाजाचा डोळाच मागची साइट. डोळे उघडताच नळीवरची पट्टी आणि टोकाचा मणी एका रेषेत दिसायला हवा. त्याला पट्टी दिसलीच नाही. दस्ता त्याला लांब होता, म्हणून तो गालाला न टेकता दंडावर घसरत होता. म्हणजे प्रत्येक धक्का हाडावर आणि गालफडावर. असा खांदा कोणत्याही यंत्रणेने वाचला नसता.

वडिलांना म्हटले, खरेदी वर्षभर थांबवा. आखूड दस्त्याची बंदूक रेंजवरच होती, ती त्याला दिली. पहिल्या पंचवीस तबकड्यांत त्याने नऊ फोडल्या. डोळे अजून मिटतात, पण आता फैरीनंतर.