पडद्यावरील ध्वनिमिश्रक

अकोले तालुक्यांतील राजूरसारख्या गावीं भजनाचें ध्वनिमुद्रण करतांना गायक, पखवाज, टाळ आणि पेटी यांचे आवाज वेगवेगळे टिपून नंतर संगणकावर एकत्र मिसळतां येतात. प्रत्येक आवाजास पडद्यावर एक उभा रकाना मिळतो. त्यांत आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी, डावीउजवी बाजू ठरविणारें चक्र आणि पातळीदर्शक असतो.

ही मांडणी केवळ शोभेची बाब नव्हे. आवाजांतील फरक कानास गुणोत्तरानें जाणवतो. म्हणून पट्टीवरील खुणा डेसिबेलच्या असतात. 6 डेसिबेल वाढले कीं तरंगाची उंची सुमारें दुप्पट होते. बारीक फेरफार बहुधा शून्याच्या खुणेजवळ करावे लागतात. यास्तव तेथें पट्टी बरीच सरकविली तरी आवाज थोडाच बदलतो, तळाशीं मात्र झपाट्यानें उतरतो.

अंतिम पातळीनें कमाल मर्यादा ओलांडली, तर तरंगाचे शेंडे छाटले जाऊन आवाज फाटतो. हा इशारा केवळ लाल रंगानें देणें पुरेसें नाहीं. कित्येकांस लाल-हिरवा भेद ओळखतां येत नाहीं. म्हणून जोडीस ठळक खूणही असावी.

टाळांच्या गजरांत अभंगाचा शब्द बुडूं लागला, तर मिसळणाऱ्याचा हात तत्काळ योग्य पट्टीवर पडावा, हीच चांगल्या मांडणीची कसोटी होय.