रॅममधला रुमाल उचला!

अप्रेझलचा आठवडा. सोमवार, सकाळचे अकरा. स्क्रीनवर बॉस, बॉसचा बॉस आणि क्लायंटकडची दोन माणसं. मी ऐटीत स्क्रीन शेअर केली, तेराव्या स्लाइडवर आले आणि... गोल गोल फिरणारं ते चक्र! तब्बल दीड मिनिट. शेवटी बॉसच म्हणाला, "आपण हे शुक्रवारी करूया." पार पोपट!

तडक आयटीच्या काकांकडे गेले. "काका, हा ८ जीबीचा डबा बदला, नाहीतर रॅम तरी वाढवून द्या."

"तुझ्या लॅपटॉपची रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. वाढत नाही," काका शांतपणे म्हणाले. "नवा मागशील, तर एआयच्या डेटा सेंटर्सची मागणी वाढल्यापासून, म्हणजे २०२५च्या उत्तरार्धापासून, मेमरी महागलीय. बजेट नाही. मीटिंगच्या आधी काही केलं होतंस का?"

मी अभिमानाने सांगितलं. एक फुकटचा 'रॅम क्लीनर' टाकला होता. दोन मिनिटं आधी त्याचं बटण दाबलं आणि चक्क ३ जीबी मोकळी झाली!

काकांनी कपाळावर हात मारला. "तिथेच माती खाल्लीस."

एसटी आणि टप

काकांची थिअरी अशी. रॅम म्हणजे एसटीतल्या सीट्स. तुम्ही वापरताय ते प्रोग्रॅम म्हणजे तिकीट काढलेले प्रवासी. काही सीट्सवर कॉलेजची पोरं टेकलेली असतात, पण कुणी तिकीटवालं आलं की लगेच उठतात. टास्क मॅनेजरमध्ये 'कॅश्ड' म्हणून दिसतं ते हेच. पुन्हा लागेल म्हणून विंडोजने हाताशी ठेवलेला डेटा. त्याची बहुतेक जागा गरज पडताच दुसऱ्याला मिळते. म्हणजे रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. रिकाम्या सीट्स घेऊन धावणारी एसटी कुणाच्या फायद्याची?

जागाच संपली, तर विंडोज काही डेटा डिस्कवरच्या 'पेज फाइल'मध्ये टाकतं. हा झाला टप. हवं ते टपावरून काढायला किती वेळ? ढोबळ हिशेब सांगते. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला १ सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीवरून आणायला पाव तास लागेल आणि जुन्या हार्ड डिस्कवरून एक दिवसाहून जास्त!

आता क्लीनर काय करतो? सीटवर बसलेल्यांनाच उठवतो. काही टपावर जातात. मोकळा आकडा मस्त दिसतो, पण माझी तेरावी स्लाइड त्यातच गेली असणार. मागितली, तेव्हा तिला खाली उतरवत बसावं लागलं.

खरे चोर वेगळेच. खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणारे! प्रवासी कुठेच नाही, सीट मात्र त्याची. ते रुमाल असे शोधा:

हजेरी घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'मेमरी'च्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर येतो. माझ्याकडे सापडलं काय? सहा महिन्यांत न उघडलेलं एक चॅट अॅप, एक गाण्यांचं अॅप आणि जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. ओळखीचं असेल तेच बंद करा. अनोळखी नावांना हात लावू नका.

सकाळची गर्दी थांबवा. तिथेच 'स्टार्टअप अॅप्स'मध्ये जा. लॅपटॉप सुरू होताच कोण कोण न विचारता चढतं ते दिसेल. नको त्यावर 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम जात नाही, तुम्ही बोलवाल तेव्हाच येतो. अँटिव्हायरस मात्र राहू द्या.

ब्राउझरला शिस्त लावा. माझे ४१ टॅब उघडे होते. त्यातले बरेचसे 'नंतर वाचू'वाले. क्रोममध्ये डिसेंबर २०२२पासून 'मेमरी सेव्हर' आहे, एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्स'. दोन्ही न वापरलेल्या टॅबची जागा सोडवतात. एक्स्टेन्शन्सही तपासा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कोण किती खातंय ते कळतं.

शटडाउन नव्हे, रीस्टार्ट. हा मला खरा धक्का होता. मी रोज रात्री शटडाउन करायचे. तरी टास्क मॅनेजरमध्ये 'सीपीयू'खाली 'अप टाइम' दिसला २३ दिवस! 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल, तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत आणतं. ड्रायव्हरने हळूहळू अडवलेली मेमरीही तशीच राहू शकते. रीस्टार्ट केलं की सगळं कोऱ्या पाटीवर सुरू होतं. आठवड्यातून एकदा तरी करा.

एवढं केल्यावर माझा आकडा ७.१ जीबीवरून ४.९वर आला. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. अर्थात यालाही मर्यादा आहे. रुमाल उचलूनही रोजच्या कामात मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि मशीन अडखळत असेल, तर गाडीच लहान आहे. मग बिनधास्त नवीन रॅम मागा, टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट जोडून. नुसत्या रडगाण्यापेक्षा तो जास्त कामाला येतो.

शुक्रवारी पुन्हा तीच मंडळी. या वेळी रीस्टार्ट करून, फक्त दोन खिडक्या उघड्या ठेवून बसले होते. तेरावी स्लाइड आली. श्वास रोखला. ती गेलीसुद्धा! बॉसने विचारलं, "नवीन लॅपटॉप का?"

"नाही सर," मी म्हटलं, "जुन्यातच जागा झाली."

इन्क्रिमेंटचं पत्र अजून यायचंय. तोवर ते ४१ टॅब पुन्हा उघडायचे नाहीत, एवढं ठरवलंय.